बुटकं गाढव

१४ जानेवारी १७७६

काल वेंडेलनं मला लग्नाचं विचारलं. सरसाचं भांडं ढवळता ढवळता विचारलं, त्यामुळे आधी मला वाटलं, सरसाबद्दलच काहीतरी म्हणतोय.

"मालकीणबाई, आपण दोघांनी लग्न केलं तर?"

"तर काय? तू मेस्त्री होशील."

तो ढवळायचा थांबला. "मी त्याच्यासाठी विचारत नाहीये."

"सगळे असंच म्हणतात."

आणि म्हणतातच. माझा नवरा अँसेल्म गेल्यापासून पॅरिसच्या आमच्या सँ-आंत्वान पेठेतल्या निम्म्या कारागिरांना माझ्या डोळ्यांचा रंग एकाएकी दिसायला लागलाय. मेस्त्रीच्या विधवेला नवऱ्याच्या शिक्क्यावर कारखाना चालवता येतो, पण ती विधवा आहे तोवरच. एखाद्या कारागिरानं तिच्याशी लग्न लावलं की त्याला सुतार-संघाची सनद जवळजवळ आयती मिळते. मग शिक्का त्याचा, कारखाना त्याचा, हत्यारं आणि बायकोही त्याचीच. नाहीतर वेंडेलसारख्या ऱ्हाइनपलीकडून आलेल्या माणसानं मेस्त्री व्हायचं म्हटलं तर केस पिकायचे.

मी त्याला सांगितलं, "ज्या दिवशी तुला शिक्क्याची गरज नसेल, त्या दिवशी विचार."

"असा दिवस कसा येईल?"

"मग नको विचारूस."

त्यानं मान हलवली आणि सरसात थोडं पाणी घातलं. काल दिवसभर मी माझ्या उत्तरावर खूश होते. आज तितकीशी नाही.

१६ जानेवारी

पाठ मोडून आली. गाढवावरची पायफळी पुन्हा निसटली.

गाढव म्हणजे लाकडावर लाकडाचीच फुलं बसवायच्या जडावकामाची बैठक. दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, पायानं फळी दाबली की समोरचा लाकडी चिमटा मिटतो आणि लाकडाचे पातळ पापुद्रे घट्ट धरतो; मग बारीक करवतीनं फुलं कापायची. ज्याचं गाढव त्याच्या अंगाच्या मापाचं. माझं मात्र अँसेल्मच्या मापाचं आहे, आणि अँसेल्म ताडमाड. लग्नानंतर लवकरच कळलं की त्याच्या जाड बोटांना पाकळी जमत नाही आणि माझ्या बोटांना जमते. तेव्हापासून बुडाखाली उशी आणि पायफळीवर ठोकलेला लाकडाचा ठोकळा, असा माझा संसार. ठोकळा रोज सैल होतो आणि वेंडेल रोज सकाळी आल्या आल्या तो ठोकून देतो. नाही म्हणायला एवढं सुख आहे.

गाढवाभोवती पडदा आहे. तो सासूबाईंनी लावला. "बाईमाणसानं दोन्हीकडे तंगड्या टाकून बसायचं, आणि तेही गिऱ्हाइकासमोर!" पडद्यामुळे उजेड अर्धा होतो. पण पडदा नसता तर फुलं कोण कापतं हे पेठेला कळलं असतं, आणि सासूबाईंना ते तंगड्यांपेक्षाही नको आहे.

३ फेब्रुवारी

व्यापारी द्युक्रेसाँ स्वतः आले. कुणा काउंटेससाठी खणांचं कपाट हवं आहे. हल्लीच्या पद्धतीचं, सरळ पायांचं; समोर फुलांची परडी, दोन्ही बाजूंना गुलाबांच्या माळा.

"दिवंगत व्होक्लेरांची फुलं!" ते डोळे मिटून म्हणाले. "बाई, तुमच्या यजमानांची पाकळी श्वास घ्यायची हो. हल्लीचा तुमचा माणूसही बरा कापतो म्हणा. कोण आहे तो?"

"अँसेल्मच्याच हाताखाली तयार झालेला आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावरची माशी हलली नाही.

मी उभी होते, हातावर गरम वाळूचे चटके. पाकळीची कड तव्यातल्या तापल्या वाळूत बुडवायची, करपू न देता तांबूस करायची, म्हणजे गुलाबाला सावली येते. त्याचे फोड होते. मी हात एप्रनखाली लपवले. का लपवले कोण जाणे. मागे वेंडेलचा रंधा चालला होता, तो मध्येच थांबला आणि मग फार जोरात चालू झाला.

द्युक्रेसाँ गेल्यावर सासूबाईंनी गळ्यातला शिक्का एप्रनच्या टोकानं पुसला. लोखंडाचा, अंगठ्याएवढा: अ. व्होक्लेर. दफनविधीच्या दिवशी त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि दोरीत ओवून गळ्यात घातला. काम पुरं झालं की उतरवून देतात. मी मारते, आणि लगेच परत मागून घेतात.

२५ फेब्रुवारी

पाऊस. सरस धरत नाही. सासूबाईंनीही आज मौन धरलं नाही, सबंध दिवस बोलत होत्या.

१३ मार्च

संघ गेले! राजानं काल हुकूम काढला. पॅरिसमधले सगळे कारागीर-संघ बंद. ज्याला जे येतं त्यानं ते करावं, सनद नको, पंच नकोत, शिक्का नको. सकाळपासून गल्लीत नुसता धिंगाणा. समोरच्या खुर्चीवाल्याच्या कारागिरांनी भाड्याची बग्गी केली आणि एप्रन बांधूनच सरदारांसारखे बसून चक्कर मारून आले. एकानं मला टोपी काढून नमस्कार केला आणि बग्गीतून पडला.

सासूबाई पलंगावर पडून रडत होत्या. "माझ्या लेकाला दुसऱ्यांदा पुरला गं यांनी!" शिक्का मुठीत घट्ट. मी त्यांना कांद्याचं सूप नेऊन दिलं. ते मात्र संपवलं.

वेंडेल दिवसभर खणांना खाचा पाडत होता. मी वाट पाहत नव्हते, माझं नुसतं लक्ष होतं. आता त्याला शिक्क्याची गरज उरलेली नाही, म्हणजे आज तो दिवस. संध्याकाळी त्यानं हत्यारं पुसली, एप्रन खुंटीला लावला, "येतो, मालकीणबाई," म्हणाला आणि गेला.

१८ मार्च

आज पडद्यामागे वेंडेल दोरी घेऊन माझं गाढव मोजताना सापडला. उशीसकट मोजत होता आणि पायफळीचा ठोकळासुद्धा सोडला नाही.

"हे काय?"

दचकला. "असंच एक करावं म्हणतो. माझ्यासाठी."

"उशी कशाला मोजतोस मग? उशी काय गाढवाचा अवयव आहे?"

कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. एवढा मोठा माणूस, पण मोजमापाची अक्कल नाही.

२२ मार्च

तो चालला. समोरची टोपल्या विणणाऱ्याची जागा त्यानं घेतली आहे. टोपी हातात घेऊन सांगायला आला.

"मालकीणबाई, आता मला शिक्क्याची गरज नाही."

"नाही ना. अभिनंदन." माझे कान पुढच्या वाक्याकडे लागले होते, हे इथे लिहिते, इथे कोण वाचणार आहे.

तो उभाच. मग म्हणाला, "आधी जागा नीट करतो. मग तुम्ही बघायला या."

इतकंच. ज्यासाठी अडलं होतं ते दूर झालं, आणि प्रश्नही दूर झाला. म्हणजे माझंच खरं होतं, त्याला शिक्काच हवा होता. सासूबाई म्हणाल्या, "बघितलंस? मी सांगत नव्हते?" जाण्याआधी त्यानं ठोकळ्याला लांब खिळे मारून दिले. "आता महिनाभर तरी निघणार नाही," म्हणाला. मी आभार मानले नाहीत.

२१ एप्रिल

सगळं नीटच लिहून काढते.

आज वेंडेलनं जागा बघायला बोलावलं. मी निळा झगा घातला. सासूबाई म्हणाल्या, "सुताराच्या दुकानात चाललीस की दरबारात?" आणि स्वतःही काठी घेऊन बरोबर आल्या. खुर्चीवाला आणि त्याची माणसंही होती. वेंडेलनं त्यांना वाईन दिली होती.

जागा छान आहे. भिंतींना चुना, हत्यारं ओळीनं. उत्तरेच्या खिडकीपाशी, जिथे सगळ्यात चांगला उजेड पडतो तिथे, ते गाढव. अक्रोडाचं, कडा गोल केलेल्या, बसायच्या जागी कातडं. सबंध पेठेत इतकं देखणं गाढव नसेल. आणि इतकं बुटकं!

वेंडेल माझ्याकडे बघत होता. "कसं वाटतं?"

मला हसूच फुटलं. थोडा रागही होता पोटात, महिनाभर साठलेला. मी म्हटलं, "वेंडेल मेस्त्री, हे गाढव आहे की गाढवाचं पिल्लू? बसलात तर गुडघे हनुवटीला लागतील!"

खुर्चीवाला असा हसला की वाईन नाकातून आली. "बुटकं गाढव! दुकानाला हेच नाव देऊ या!" सगळे हसले.

"तुम्ही एकदा बसून तरी बघा," वेंडेल हळूच म्हणाला.

"मी कशाला? माझं घरी आहे." आणि एवढ्या पुरुषांसमोर मी गाढवावर बसेन, असं त्याला वाटलं तरी कसं? "आणि मुळात तुम्हाला फुलं कुठे कापता येतात? तुम्ही कपाटांचे सांगाडे करणारे."

त्यानं गाढवाच्या कातड्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "खरंय. चुकलंच माझं."

"चल गं सूनबाई," सासूबाईंनी माझा दंड धरला. "दूध उतू जाईल." घरी येऊन पाहिलं तर दूध चुलीवर नव्हतंच. म्हाताऱ्या झाल्या आहेत, विसरतात.

मी मुद्देसूद बोलले, सगळे हसले, मग मला इतकं वाईट का वाटतंय?

१६ मे

ज्या मंत्र्यानं संघ बंद करवले त्याला राजानं काढलं म्हणतात. सासूबाईंनी चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

मला माझ्या खिडकीतून समोरचं दुकान दिसतं. मी काही मुद्दाम बघत नाही, खिडकीच तिकडे तोंड करून आहे. वेंडेलकडे काम आहे, दोन लिहायची टेबलं झाली. गाढव रिकामंच असतं. रोज सकाळी तो कातडं फडक्यानं पुसतो आणि मग कामाला लागतो. सासूबाईंना विचारलं, हे कुणासाठी असेल? त्या म्हणाल्या, "ठेवणार असेल कुणी बुटका माणूस कामाला. तुला काय करायचंय?" तेही खरं. पण अजून कुणी मिळालेला दिसत नाही.

९ जून

काउंटेसच्या कपाटाचा मधला खण अडकायला लागला. शेवटी मीच वेंडेलला बोलावलं. सांगाडा त्याचा, त्यालाच कळणार. त्यानं खण काढला, कडेवरून बोट फिरवलं, रंध्याचा एक हात मारला आणि खण एका बोटानं आत गेला. मग परडीकडे बघत राहिला. जांभळ्या लाकडाच्या पार्श्वभूमीवर माझे गुलाब खरंच चांगले उतरलेत.

"आता कायदा नाही, मालकीणबाई," तो म्हणाला. "यावर तुमचं नाव घाला."

"पेरीन व्होक्लेर? म्हणजे पुन्हा व्होक्लेरच."

"त्याच्या आधीचं."

मी हसून घालवलं. तो गेल्यावर कोळशानं मागच्या फळीवर लिहून बघितलं: पे. तासाँ. माझ्या वडिलांच्या घरचं नाव. कुणा परक्या बाईचं असावं असं वाटलं, आणि तरी पुसवेना. दुपारी द्युक्रेसाँ आले, त्यांना विचारलं, शिक्का नसला तर?

"अहो बाई, कायदा गेला म्हणून गिऱ्हाईक गेलं का? शिक्का व्होक्लेरांचाच हवा, नाहीतर काउंटेस हे कपाट स्वयंपाकघरातसुद्धा ठेवणार नाही."

मी कोळसा पुसून टाकला. राजानं दार उघडलं, पण मी आहे तिथेच आहे. वर सासूबाई, खाली मेलेला नवरा, आणि पडदा.

ठोकळा पुन्हा हलायला लागलाय.

३० ऑगस्ट

संघ परत आले. नावं थोडी बदलून, पंच तेच. मेस्त्रींच्या विधवांनी जुन्या शिक्क्यावर चालू ठेवावं, असं आम्हाला सांगून गेले. ज्यांना सनद नाही त्यांनी ती घ्यावी, नाहीतर दुकान मिटावं. सासूबाईंनी आज मांस शिजवायला लावलं.

संध्याकाळी वेंडेल आला. टोपी हातात, मार्चमध्ये होती तशीच.

"मी जातोय, मालकीणबाई. ऱ्हाइनपलीकडे."

"घरी?"

"घर कुठे आता तिकडे. काम मिळेल तिथे."

मी म्हटलं, "इथे राहायचा दुसरा मार्ग नाही का?" इतपत तरी मी बोलले. माझ्या मते मी खूपच बोलले.

तो म्हणाला, "एक आहे. पण तो मी आता विचारला, तर तुम्हाला काय वाटेल ते मला ठाऊक आहे. जानेवारीत तुम्हीच सांगितलंत." मग टोपीकडे बघत, "मधे विचारायला हवं होतं तोंडानं. मला तोंडानं जमत नाही. मी केलं आपलं मला जमतं तसं, आणि तुम्ही हसलात. म्हटलं, मिळालं उत्तर."

"मी कशाला हसले?"

"जाऊ दे. वेळ गेली."

सासूबाईंनी वरून हाक मारली. मी "आले" म्हणेपर्यंत तो रस्ता ओलांडून गेला होता. मी कशाला हसले होते? मला आठवेना. मी तर सगळ्यालाच हसते.

५ सप्टेंबर

दुपारी हातगाडीवाला दारात. गाडीवर ते अक्रोडाचं गाढव.

"वेंडेल मेस्त्रींनी तुम्हाला द्यायला सांगितलंय."

"ते कुठे आहेत? दार तर कधीचं बंद दिसतंय."

"गेले की शनिवारीच. बाकी सगळं विकलं. हे मात्र म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं नाही, त्यांनाच द्या."

त्यानं ते आत ठेवलं आणि गेला. मला रागच आला. बुटकं गाढव माझ्या गळ्यात मारून गेला, माझीच थट्टा मला परत केली! रागारागानं ते बाजूला सरकवायला गेले, झग्याचा घोळ अडकला, तोल गेला, आणि मी त्यावर बसले.

पाय पायफळीवर पडला. ठोकळा नाही, ताणणं नाही. मी दाबलं, चिमटा माझ्या छातीसमोर मिटला, जिथे मिटायला हवा बरोबर तिथे. उजवा हात उचलला तर करवत जिथे धरायची तिथेच तो पोचला. बुडाखाली उशी नव्हती.

तो उशीसकट मोजत होता.

किती वेळ बसले कोण जाणे. सासूबाई काठी टेकत खाली आल्या आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या.

मी म्हटलं, "हे माझ्या मापाचं आहे."

"आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तो दारात बसून या गाढवाचे पाय कापत होता तेव्हापासून. मी वर खिडकीत असते दिवसभर, मला दुसरं काय काम?" त्या पायरीवरच बसल्या. "सांगून काय केलं असतंस? समोर राहायला गेली असतीस. दिवसभर त्या खिडकीत, उजेडात, दोन्हीकडे पाय टाकून बसली असतीस आणि हसली असतीस. आणि मी? मला कुणी पोसलं असतं गं? शिक्क्यानं?"

मला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. पण त्या खरं बोलत होत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मी उठून हातगाडीवाल्याला गाठायला धावले. तो कोपऱ्यावर पाणी पीत होता.

"कुठल्या गावाला गेले, काही बोलले?"

"ऱ्हाइनपलीकडे म्हणाले. तिकडं गावं खूप आहेत, बाई."

२४ सप्टेंबर

काउंटेसचं कपाट आज पुरं झालं. ब्राँझच्या मुठी बसल्या, संगमरवर बसला. द्युक्रेसाँ म्हणाले, मरूनही व्होक्लेर मरत नाही. सासूबाईंनी गळ्यातून शिक्का काढून दिला. मी मागच्या बाजूला, जिथे कोळशानं लिहिलं होतं तिथेच, हातोडीचा एक घाव घातला. अ. व्होक्लेर. उमटला स्वच्छ. शिक्का परत दिला.

अँसेल्मचं गाढव माळ्यावर टाकलं आहे. नवं उत्तरेच्या खिडकीपाशी ठेवलं आणि पडदा काढून त्याची फडकी केली. रस्त्यावरून खुर्चीवाल्यानं वाकून आत बघितलं, तोंड उघडलं, आणि काही न बोलता पुढे गेला. सासूबाईही बोलल्या नाहीत. समोरच्या जागेत पुन्हा टोपल्यावाला आलाय.

सकाळपासून उजेड जाईपर्यंत बसले होते. नवीन काम, ट्यूलिपची फुलं. पाठ अजिबात दुखली नाही.